दोन मोबाइल कंपन्या एक होतात तेव्हा तुमच्या सिमचं काय होतं?

मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझा नंबर जाणार का? नाही जात. नंबर, उरलेला बॅलन्स, चालू प्लॅन, हप्त्यावर घेतलेल्या फोनचा करार हे सगळं नव्या कंपनीकडे जसंच्या तसं जातं. जुन्या कंपनीच्या जागी नवी कंपनी येऊन बसते, एवढंच. कागदोपत्री व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी ग्राहकाच्या फोनवर काहीच बदललेलं दिसत नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात. गडबड होते ती वर्षा-दीड वर्षाने, बातमी सगळे विसरून गेल्यावर.

मालकी, नेटवर्क, बिल आणि ब्रँडचं नाव या चार गोष्टी वेगवेगळ्या तारखांना एक होतात, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांनी विलीनीकरण जाहीर केलं एप्रिल २०१८ मध्ये. व्यवहार पूर्ण झाला १ एप्रिल २०२० ला. स्प्रिंटचं सीडीएमए (४जीच्या आधीच्या काळातलं तंत्र) वापरणारं जुनं नेटवर्क पुरतं बंद व्हायला मे २०२२ उजाडला आणि त्यांचं ४जी नेटवर्क ३० जून २०२२ ला मिटलं. भारतात व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक कंपनी झाल्या, पण दोन्ही नावं आणखी दोन वर्षं चालू राहिली. ‘वी’ (Vi) हे नाव आलं ७ सप्टेंबर २०२० ला. त्यामुळे कंपनीकडून निरोप आला की आधी एवढंच बघायचं: या चारपैकी नेमकं काय हलतंय? नाव बदलत असेल तर निरोप वाचून सोडून द्या. नेटवर्क किंवा बिल हलत असेल तर मात्र बसून नीट वाचा.

टॉवर एक होतात म्हणजे काय

प्रत्येक मोबाइल नेटवर्कला एक क्रमांक असतो. पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. जर्मनीत ई-प्लसचा क्रमांक २६२-०३ होता आणि ओटूचा २६२-०७. टॉवर आपला क्रमांक सतत हवेत सोडत असतो. तुमच्या सिममध्ये ‘घरचा’ क्रमांक लिहिलेला असतो. फोन दोन्ही ताडून बघतो. जुळले तर घरचं नेटवर्क, नाही जुळले तर परकं. या दोन जर्मन कंपन्या २०१४ मध्ये एक झाल्या तरी फोनच्या लेखी त्या परक्याच होत्या. म्हणून २०१५ मध्ये ३जीसाठी एकमेकांच्या टॉवरवर देशांतर्गत रोमिंग सुरू करावं लागलं.

बहुतेक विलीनीकरणांत पहिला टप्पा असाच असतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच टप्प्यात होतात. ब्रिटनमध्ये ऑरेंज आणि टी-मोबाइलच्या ग्राहकांना ऑक्टोबर २०१० पासून एकमेकांचं २जी नेटवर्क वापरता येऊ लागलं. पण सुरुवातीला फोन दुसऱ्या नेटवर्कवर जायचा तो स्वतःच्या नेटवर्कची रेंज पूर्ण गेल्यावरच. म्हणजे घरच्या टॉवरची एक केविलवाणी दांडी दिसत असेल, तर शेजारी दुसऱ्या कंपनीचा धडधाकट टॉवर असूनही फोन त्या एका दांडीला चिकटून बसणार. हा फोनचा दोष नव्हे. घरचं नेटवर्क मिळतंय तोवर ते सोडायचं नाही, असंच त्याला शिकवलेलं असतं.

या टप्प्यातलं दुसरं ठरलेलं लक्षण म्हणजे कॉल लागतो, इंटरनेट मात्र चालत नाही आणि वरच्या पट्टीत ‘आर’ दिसतो. फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरला रोमिंग समजतोय आणि तुम्ही डेटा रोमिंग बंद ठेवलंय. ते सुरू केलं की काम होतं. मात्र देशाच्या सीमेजवळ राहत असाल तर जरा थांबा. फोनने पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडलं तर ते खरंखुरं रोमिंग असेल आणि बिलही तसंच येईल. अशा वेळी पट्टीत दिसणारं नेटवर्कचं नाव वाचूनच डेटा सुरू करावा. कधीकाळी नेटवर्क हाताने निवडून ठेवलं असेल तर तेही पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणा. नाहीतर फोन एकाच क्रमांकाशी बांधलेला राहतो आणि दुसरे टॉवर त्याच्या लेखी नसतातच.

दुसऱ्या टप्प्यात एकच टॉवर दोन्ही कंपन्यांचे क्रमांक सोडायला लागतो. फोनला वाटतं आपण घरीच आहोत. ‘आर’ जातो, डेटा रोमिंगची भानगड संपते. ग्राहकासाठी हा सगळ्यात सुखाचा काळ, कारण दोन्ही कंपन्यांचे टॉवर उभे असतात आणि दोन्ही तुम्हाला मिळतात. तो टिकत नाही.

कारण एका चौकात दोन टॉवर चालवायचे नसतात म्हणून तर विलीनीकरण केलेलं असतं. दुहेरी टॉवर उतरवले जातात. एकूण नकाशावर रेंज सुधारते, हा कंपनीचा दावा बहुधा खराही असतो. पण सरासरी सुधारली म्हणून तुमची खोली सुधारलीच असं नाही. आधीचा टॉवर खिडकीसमोर दोनशे मीटरवर होता आणि उरलेला इमारतीच्या मागे सातशे मीटरवर असेल, तर तुमच्यापुरती रेंज घसरलीच. अशी तक्रार करताना ‘नेटवर्क नाही’ एवढंच लिहू नका. घरातली जागा, तारीख, वेळ, आधी किती दांड्या होत्या आणि आता किती आहेत, कॉल तुटतो की इंटरनेट अडकतं, हे लिहा. कोणत्या तारखेपासून बिघडलं हे कळलं की त्या दिवशी कोणता टॉवर उतरला ते तंत्रज्ञाला लगेच सापडतं. तोवर घरी वाय-फाय असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करून ठेवा.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुनं नेटवर्क बंद होण्याआधी काही महिने ते आजारी पडतं. त्याच्या वाट्याच्या लहरी एकेक करून नव्या नेटवर्ककडे वळवल्या जातात, म्हणून जुन्या सिमवर संध्याकाळी इंटरनेट रांगायला लागतं. अशा वेळी फोन दुरुस्तीला टाकण्यात अर्थ नाही. सिम बदलून देणार आहात का, हे कंपनीला विचारा.

फोन नव्या नेटवर्कला चालेल का

याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे बँड, म्हणजे फोन ज्या लहरींवर बोलू शकतो त्या. ६००, ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून शिरतात. २.५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग भरपूर मिळतो, पण पल्ला कमी. टी-मोबाइलला स्प्रिंट हवी होती ती मुख्यतः या २.५ गिगाहर्ट्झच्या साठ्यासाठी. उलट स्प्रिंटच्या ग्राहकांना लांब पल्ल्यासाठी मिळणार होत्या टी-मोबाइलच्या ६०० मेगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे बँड ७१. पण जुन्या बऱ्याच फोनांत बँड ७१ नव्हताच. म्हणजे टॉवर उभा, सिम नवं, आणि फोनला ते ऐकूच येत नाही.

तपासणं अवघड नाही. सेटिंगमध्ये फोनचा नेमका मॉडेल क्रमांक बघा. बाजारातलं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या फोनच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि त्यांचे बँड वेगळे असतात. त्या मॉडेलची बँडची यादी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते. नवी कंपनी कोणते बँड वापरते हे तिच्याकडून घ्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. लांब पल्ल्याचा निदान एक बँड जुळायलाच हवा. मोबाइल कंपनीच्या पानावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून तपासणी होत असेल तर *#०६# दाबून तो मिळवा.

दुसरी गोष्ट व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल. जुनं २जी, ३जी किंवा सीडीएमए बंद झालं की व्होल्टी नसलेल्या फोनवर इंटरनेट चालतं, पण कॉल लागत नाही. आपत्कालीन नंबरचाही लागेलच असं नाही. चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. वाय-फाय बंद करा, कोणालाही कॉल लावा आणि बोलताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा ५जी तसंच राहिलं तर व्होल्टी चालू आहे. ते जाऊन ३जी, एच किंवा ई (ही ३जी-२जीचीच चिन्हं) दिसलं तर तुमचा कॉल अजून जुन्या नेटवर्कवरून जातोय. यात एक मेख आहे. फोनमध्ये व्होल्टी असूनही ते चालत नाही, असं होऊ शकतं. काही कंपन्या फक्त आपल्या यादीतल्या मॉडेलनाच ते सुरू करून देतात. परदेशातून आणलेला फोन इथे हमखास अडकतो. आधी फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. तरी होत नसेल तर आपलं मॉडेल यादीत आहे का, ते कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

तंत्रज्ञानच जुळत नसेल तर काय होतं ते स्प्रिंट आणि नेक्स्टेलने दाखवून दिलं. २००५ मध्ये ते एक झाले. स्प्रिंटचं नेटवर्क सीडीएमएचं आणि नेक्स्टेलचं आयडेन नावाच्या वेगळ्याच तंत्राचं. बटण दाबून वॉकीटॉकीसारखं बोलायची सोय ही नेक्स्टेलची ओळख, आणि बांधकामापासून मालवाहतुकीपर्यंतचे लोक त्यासाठीच ते वापरत. एका कंपनीचे फोन दुसरीच्या टॉवरवर चालत नव्हते, त्यामुळे दोन नेटवर्क वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी पोसावी लागली. आयडेन अखेर ३० जून २०१३ ला बंद झालं, आणि तोवर त्यावरचे कित्येक ग्राहक केव्हाच निघून गेले होते.

सिम बदलायला सांगतात तेव्हा

कधी सिममधली ‘घरच्या’ नेटवर्कची यादी हवेतूनच अद्ययावत होते आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. कधी सिम बदलावंच लागतं, कारण ग्राहकाचा अंतर्गत क्रमांक आणि गुप्त किल्ली सिमच्या चिपमध्ये कोरलेली असते आणि ती नव्या कंपनीच्या यंत्रणेत हलवता येत नाही. तुमचा मोबाइल नंबर सिममध्ये नसतो, तो कंपनीच्या नोंदीत असतो. म्हणून सिम बदललं तरी नंबर तोच राहतो.

बदलण्याआधी अर्धा तास द्या. सिमवर साठवलेले संपर्क फोनमध्ये उतरवून घ्या. सिमवर साधारण अडीचशे मावतात आणि जुन्या फोनमध्ये ते तिथेच पडून असतात. व्हॉइसमेलमध्ये जपून ठेवलेला एखादा आवाज असेल तर तो दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. व्हॉइसमेल जुन्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तो क्वचितच सोबत येतो. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असतील तर *#२१# आणि *#६२# दाबून तो नंबर लिहून ठेवा, कारण हीसुद्धा नेटवर्कमधली नोंद आहे आणि ती पुसली जाते. दवाखाने आणि छोट्या व्यवसायांचं यात नुकसान होतं. चार दिवस कॉल कुठेच पोहोचत नाहीत आणि लक्षातही येत नाही.

फोन जुन्या कंपनीला कुलूपबंद असेल, म्हणजे त्यात फक्त तिचंच सिम चालत असेल, तर ते कुलूप सिम बदलण्याआधी काढून घ्या. कुलूप बघतं तो सिममधला कंपनीचा क्रमांक. कंपनी एकच झाली आहे हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे नव्या सिमला ते ‘परकं सिम’ म्हणून नाकारू शकतं. ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं सिम) असेल तर त्यातली जुन्या कंपनीची नोंद, म्हणजे प्रोफाइल, घाईने पुसू नका. नवी उतरून तिच्यावर कॉल लागेपर्यंत जुनी राहू द्या, आणि क्यूआर कोड बऱ्याचदा एकदाच चालतो हे ध्यानात ठेवा.

सिम बदलायला सकाळची वेळ बरी, आणि त्या दिवशी बँकेचं महत्त्वाचं काम ठेवू नका. सिम बदलल्याचं काही बँकांच्या यंत्रणेला कळतं आणि त्या थोडा काळ ओटीपी रोखतात. भारतात तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. ते फसवणूक टाळण्यासाठी आहे, बिघाड नव्हे. नवं सिम लागल्यावर कॉल चालतो पण इंटरनेट नाही, असं झालं तर एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंग, बघा. जुन्या कंपनीचं एपीएन तसंच राहिलेलं असतं. ते ‘डीफॉल्ट’वर आणून फोन बंद करून सुरू केला की बहुतेक वेळा भागतं. ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ हा शेवटचा उपाय, कारण त्यात सगळे वाय-फाय पासवर्ड उडतात.

बिल हलतं तो महिना

नेटवर्कपेक्षा बिलाची यंत्रणा हलवणं जास्त कटकटीचं असतं. टॉवरला दोन-चार प्रकारची सेटिंग असतात. बिलाच्या यंत्रणेत वीस वर्षांत काढलेले शेकडो प्लॅन, सवलती, कुटुंबाच्या जोडण्या आणि कुणा कर्मचाऱ्याने हाताने टाकलेले अपवाद असतात. या हाताने टाकलेल्या सवलतीच गळतात. तुम्हाला फोनवर बोलून कोणी दरमहा काही कमी करून दिलं असेल, तर ते नव्या यंत्रणेत येईलच असं धरून चालू नका.

म्हणून खातं नव्या यंत्रणेत हलवण्याची सूचना आली की जुन्या खात्यात जाऊन निदान मागच्या १२ महिन्यांची बिलं, प्लॅनच्या तपशिलाचं पान आणि हप्त्यांचा उरलेला आकडा उतरवून घ्या. जुनं पोर्टल काही दिवसांनी बंद होतं आणि मग तुमच्याकडे पुरावा उरत नाही. ऑटोपे हा वेगळा धोका. बँकेला दिलेली परवानगी जुन्या कंपनीच्या नावावर असते. ती नव्या नावावर गेली नाही तर पैसे कटत नाहीत आणि विलंब शुल्क लागतं. दोन्हीकडे चालू राहिली तर दोनदा कटतात. पहिलं बिल बहुधा विचित्रच येतं. बिलाची तारीख बदलली तर ते चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं असू शकतं किंवा दहा दिवसांचं. रक्कम बघून दचकण्याआधी ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ ही ओळ वाचा. दुसरं आणि तिसरं बिल मात्र जुन्या बिलाशी ओळीगणिक ताडून बघा, कारण गळलेली सवलत तिथे दिसते.

प्लॅन महागतो का

लगेच नाही. मंजुरी मिळवताना कंपन्या दर न वाढवण्याचं वचन देतात. टी-मोबाइलने स्प्रिंट घेताना तीन वर्षं तेच किंवा त्याहून चांगले प्लॅन ठेवण्याचं कबूल केलं होतं. ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि थ्री यांचं विलीनीकरण ३१ मे २०२५ ला पूर्ण झालं, त्यातही काही ठरावीक प्लॅनचे दर तीन वर्षं मर्यादेत ठेवण्याची अट आहे. ‘ठरावीक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आपला प्लॅन त्यात आहे का आणि मुदत कधी संपते, हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

पुढचं चित्र बाजारात किती कंपन्या उरल्या, यावर ठरतं. ऑस्ट्रियात जानेवारी २०१३ मध्ये थ्रीने ऑरेंज घेतलं आणि चार कंपन्यांच्या तीन झाल्या. त्यानंतर दर वाढले, असा निष्कर्ष तिथल्या दूरसंचार नियामकाने आणि स्पर्धा प्राधिकरणाने २०१६ मध्ये काढला. मंजुरी देताना दुसऱ्यांना नेटवर्क भाड्याने द्यायची अट होती, पण हॉटसारखा स्वस्त ब्रँड बाजारात यायला २०१५ उजाडलं. मधली दोन वर्षं ग्राहकाने सोसली. इटलीत विंड आणि थ्री एक होताना काही लहरी आणि टॉवर इलियाद या नव्या कंपनीला द्यायला लावले, आणि २०१८ मध्ये ती आल्यावर दरांची लढाई पुन्हा पेटली.

तुमचा प्लॅन जुना आणि स्वस्त असेल तर त्याला हात लावू नका. नव्या ग्राहकांना बंद झालेला प्लॅन तुम्हाला चालू राहतो, पण ॲपमध्ये ‘मोफत अपग्रेड’वर बोट पडलं, कुटुंबाची एक जोडणी वाढवली किंवा मालकीचं नाव बदललं की तो सुटतो आणि परत मिळत नाही. कंपनीने स्वतःहून अटी बदलल्या तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघात असा ग्राहकाला तोट्याचा बदल निदान एक महिना आधी कळवावा लागतो आणि ग्राहक दंड न भरता बाहेर पडू शकतो. नुसतं विलीनीकरण झालं म्हणून हा हक्क मिळत नाही, अटी बदलल्या तरच मिळतो. आणि दंड माफ झाला तरी फोनचे हप्ते फिटत नाहीत.

सोडूनच जायचं ठरलं तर आधी खातं बंद करू नका. पोर्टिंग पूर्ण झालं की जुनं आपोआप बंद होतं. आधी बंद केलंत तर नंबर हातचा जातो. एखाद्या मोठ्या कंपनीच्या टॉवरवर चालणारा छोटा ब्रँड वापरत असाल तर मुख्य कंपनी कोण, तेही बघा. स्प्रिंटचा प्रीपेड ब्रँड बूस्ट जुलै २०२० मध्ये डिश या उपग्रह-टीव्ही कंपनीला विकला गेला. ग्राहकांना न विचारता ते तिसऱ्याच कंपनीचे झाले.

विलीनीकरणाच्या काळात भामट्यांचीही चांदी होते. ‘कंपनी एक झाल्यामुळे आज रात्री सिम बंद होईल’ असा निरोप येतो आणि सिमवर छापलेला १९-२० आकडी क्रमांक किंवा ओटीपी मागितला जातो. त्या क्रमांकावरून तुमचा नंबर त्यांच्या सिमवर चढवता येतो. खरी कंपनी मुदत महिन्यांची देते, एका रात्रीची नाही. निरोपातली लिंक न उघडता कंपनीचं ॲप उघडा; सूचना खरी असेल तर तिथे असतेच.

शेवटी राहतात ती सिम, जी कोणाच्याच लक्षात नसतात. चोरीच्या अलार्मच्या डब्यातलं, गाडीच्या ट्रॅकरमधलं, मुलाच्या घड्याळातलं, लिफ्टच्या आपत्कालीन फोनमधलं. यांतली बरीच २जी किंवा ३जीवर चालतात, नेटवर्क बंद होणार असल्याची सूचना जाते ती बसवणाऱ्याच्या नंबरवर, आणि नेटवर्क बंद झालं की ती आवाज न करता मरतात. अलार्म मुद्दाम वाजवून निरोप पोहोचतो का ते बघा. लिफ्टमध्ये शिरून ते बटण एकदा दाबा.